माणसांचे कुपोषण, पाण्याचे अतिपोषण

(जव्हार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'नवी बांधकामे आणि पाण्याचे रक्षण' असा दिला आहे. तो वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्तच आहे. ज्या तालुक्यांत वनहक्काचे दावे अजून निकालात निघालेले नाहीत, दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ज्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी १९९२-९३ साली सारा महाराष्ट्र हादरला, त्या जव्हार-मोखाड्यात पाण्यावरच्या शेवाळाची चर्चा करणे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय?

माझे उत्तर असे, की ही चैन नव्हे. ज्या व्यवस्थेने येथल्या मुलांच्या ताटात अन्न पडू दिले नाही, तीच व्यवस्था आता येथल्या पाण्यात नको तितके अन्न ओतू पाहत आहे. माणसांचे कुपोषण आणि पाण्याचे अतिपोषण ही एकाच अर्थनीतीची दोन फळे आहेत, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम 'पाण्याचे अतिपोषण' म्हणजे काय ते पाहू. शेतकऱ्याला नत्र आणि स्फुरद हे शब्द परिचयाचे आहेत. पिकाला जी द्रव्ये वाढवतात, तीच पाण्यातल्या शेवाळालाही वाढवतात. स्वच्छ तळ्यात ही द्रव्ये अत्यल्प असतात, म्हणून शेवाळही बेताचे असते, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, मासे आणि खेकडे सुखाने नांदतात. बाहेरून नत्र-स्फुरद येऊ लागले की शेवाळ फोफावते आणि पाणी हिरवे पडते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेच प्राणवायू ओढून घेते. ते मेले की तळाशी बसून कुजते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात ते याच कारणाने. पाण्यात विष कालवले नसतानाही जीव मरतात. पाणी जेवून जेवून मरते, असेच म्हणावे लागेल.

हे अनुमान नव्हे, सिद्ध झालेली गोष्ट आहे. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २२६ क्रमांकाचे एक लहान तळे आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळ्याच्या मध्यभागी पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले, पण स्फुरद एकाच भागात घातले. तो भाग हिरवागार झाला आणि दुसरा स्वच्छ राहिला. वरून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर गेले आणि साबणातील फॉस्फेटवर निर्बंध घालण्याच्या चळवळीला त्याने बळ दिले. गोड्या पाण्यात मुख्य गुन्हेगार बहुधा स्फुरद असतो, आणि तो किती थोडा पुरतो हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एक लहानसा हिशेब करू. आपल्याकडच्या आहारावर जगणारा माणूस वर्षाकाठी मलमूत्रावाटे सुमारे २.७ किलो नत्र आणि ४०० ग्रॅम स्फुरद बाहेर टाकतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तळ्याच्या पाण्यात लिटरमागे साधारण ०.०३५ मिलिग्रॅमहून अधिक स्फुरद झाले की ते अतिपोषित वर्गात जाते. आता एक कोटी लिटरचे गावतळे घ्या. एका माणसाचे वर्षभराचे सारे स्फुरद त्यात पोहोचले आणि तेथेच राहिले, तर प्रमाण ०.०४ मिलिग्रॅम होते. म्हणजे एकटा माणूस एक कोटी लिटर पाणी सीमेपलीकडे ढकलू शकतो. सारे स्फुरद पाण्यात पोहोचत नाही. माती बरेचसे धरून ठेवते, पुराबरोबर काही वाहून जाते. परंतु वर्षभर सरासरी शंभर पाहुणे राहणारे एखादे विश्रामस्थान घेतले, तर त्यांचे स्फुरद चाळीस किलो होते, आणि त्यात धुलाईची पावडर व बागेचे खत धरलेले नाही. त्याचा दहावा हिस्सा जरी ओहोळात उतरला, तरी खालच्या पाड्याच्या पाणवठ्याचे काय होईल हे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, मग पाड्यावरची माणसे मलमूत्र टाकत नाहीत काय? टाकतात. पण एक मूलभूत फरक आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी किंवा कातकरी कुटुंब जी नागली आणि वरई खाते, ती याच डोंगरउतारावर पिकलेली असते. या मातीतून उचललेले नत्र-स्फुरद पुष्कळ अंशी याच मातीत परत जाते. हे चक्र गरिबीचे आहे, पण बंद आहे. पाहुण्याचे अन्न मात्र पंजाबच्या गव्हाचे, नाशिकच्या द्राक्षांचे, कोंबडीच्या मांसाचे असते. दुसऱ्या मुलखातील शेतांचे स्फुरद त्याच्या पोटातून या डोंगरावर येते आणि येथेच राहते. आजवर हा मुलूख सागवान, मजूर आणि पाणी बाहेर पाठवीत आला. आता बाहेरून त्याच्याकडे काय येणार, तर मैला!

आणि तो पेलण्यास हा मुलूख सर्वांत कमी समर्थ आहे. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. खाली भेगाळलेला काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि धावत खाली निघून जातो. उरलेले आठ महिने झरे, डोह आणि विहिरी यांवर काढावयाचे. अशा भूमीवर सेप्टिक टँक बांधला, की त्यातील गाळ तेवढा अडतो. नत्र आणि पुष्कळसे स्फुरद पाण्यात विरघळलेलेच बाहेर पडते आणि शोषखड्ड्यातून खडकाच्या भेगांत शिरते. जाड माती असती तर तिने ते पकडले असते. येथे ती भेग थेट खालच्या झऱ्याशी जाऊन मिळते. शिवाय स्फुरद मातीच्या कणांना चिकटून प्रवास करते. म्हणून भूखंड पाडण्यासाठी डोंगर कापला, की एकही पाहुणा येण्यापूर्वीच पहिल्या पावसात मातीबरोबर स्फुरद डोहात जाऊन बसते. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की तोच गाळ ते पुन्हा पाण्यात सोडतो. एका वर्षाचा अपराध असा कित्येक वर्षे फळत राहतो.

पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून येणारे वलगणीचे मासे आपण सर्वांनी पाहिले आहेत. जून-जुलैत, घरातले धान्य संपत आलेले असताना, हे मासे, खेकडे आणि रानभाज्या हाच आदिवासी घराचा आधार असतो. कुपोषणाच्या सरकारी अहवालांत ओहोळातल्या खेकड्याची नोंद नसते. परंतु ज्या मुलाला महिनोन्महिने डाळ मिळत नाही, त्याचे प्रथिन तेथूनच येते. ओहोळ कुजला तर त्या मुलाच्या तोंडचा घास जातो, आणि त्याची भरपाई कोणतीही योजना करीत नाही. म्हणून जलचरांचे रक्षण हा आमच्या दृष्टीने पक्षीनिरीक्षकांचा विषय नसून भुकेचा विषय आहे.

हे संकट उद्याचे आहे, की आजचे? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर जव्हार शहराला पाणी पुरवणारा जयसागर किंवा वाघ, पिंजाळ, लेंडी या नद्या आज नासल्या आहेत, असा माझा दावा नाही. उलट अजून वेळ आहे, म्हणूनच मी बोलतो आहे. वेळ निघून गेल्यावर काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८० साली पुरे झालेले उजनी धरण घ्या. सोलापूरच्या दुष्काळी शेतकऱ्याचे ते स्वप्न होते. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मैला मुळा-मुठा आणि भीमेवाटे त्याच्या पोटात उतरतो, पाण्यावर हिरवी साय धरते, आणि तेच पाणी सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला येते. मुंबईचा पवई तलाव १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला होता. आज तो जलपर्णी काढण्याच्या कंत्राटांसाठी ओळखला जातो.

'पाणी उकळून प्या' हा सल्लाही अशा वेळी निरुपयोगी ठरतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात ईरी सरोवरातील निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष नळाच्या पाण्यात उतरले. चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही. जगातील सर्वांत श्रीमंत देशाची ही स्थिती असेल, तर हंडा घेऊन झऱ्यावर जाणाऱ्या बाईने काय करावे?

आता मुंबईकडे वळू, कारण तिला वगळून या तालुक्यांच्या पाण्याचा विचार होऊच शकत नाही. १८९२ साली तानसा, १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली अप्पर वैतरणा आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण, अशी ही मालिका आहे. एकटे मध्य वैतरणा दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी बांधले गेले. पुढे पिंजाळ धरण योजलेले आहे, आणि दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पात दमणगंगेवर भुगड व वाघ नदीवर खारगीहिल येथे धरणे बांधून पाणी मुंबईकडे वळवावयाचे आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या प्रकल्पाचा उल्लेख झाला. ज्या डोंगरांचे पाणी मुंबई पिते, त्या डोंगरांवरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपण अनेक सभांतून सांगितले आहे. मी त्यात एकच भर घालतो. धरणाच्या पाणलोट क्षेत्रात घाण उतरली आणि मुंबईच्या नळाला वास आला, तर सरकार त्याच दिवशी जागे होईल. पण त्या वेळी दंडुका कोणावर पडेल? विश्रामस्थानाच्या मालकावर, की धरणाच्या काठावर गुरे चारणाऱ्या आणि भाताला युरियाची अर्धी गोणी टाकणाऱ्या आदिवासीवर? आजवरचा अनुभव काय सांगतो ते आपण जाणता. म्हणून नियम कोणासाठी आणि कोणत्या क्रमाने हवेत, हे आपणच आधी सांगितले पाहिजे.

कायदे नाहीत असे नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. परंतु जाळ्याची भोके कोठे आहेत ती पाहा. २००६ च्या अधिसूचनेनुसार बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटरच्या पुढे. डोंगरावर एकेक करून उभ्या राहणाऱ्या पन्नास बंगल्यांना आणि दहा विश्रामस्थानांना ती लागू होत नाही. त्यांची बेरीज करणारा अधिकारी कोणत्याही कचेरीत नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले. म्हणजे जयसागर आणि मध्य वैतरणा यांना ते छत्र नाही. त्याच वर्षी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी केंद्र सरकारने जी मानके काढली, त्यांत नत्र आणि स्फुरदाला मर्यादाच घातली नाही. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती मानके अपुरी ठरवून नत्रासाठी लिटरमागे १० आणि स्फुरदासाठी १ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली. पण ज्या विश्रामस्थानाला प्रक्रिया केंद्रच नाही, केवळ शोषखड्डा आहे, त्याला कसली मर्यादा आणि कोण मोजणार?

याबाबत इंग्लंडमधील एक उदाहरण उपयोगी आहे. तेथील निसर्गरक्षण संस्थेने २०१९ साली दक्षिणेकडील सोलेंटच्या खाडीसाठी, आणि २०२२ साली आणखी अनेक नद्यांसाठी एक नियम सांगितला. नव्या घरांमुळे संरक्षित पाण्यात जितके नत्र-स्फुरद वाढणार, तितके दुसरीकडे कमी करून दाखवा, त्याशिवाय परवानगी नाही. ७४ स्थानिक संस्थांच्या हद्दीत हा नियम पोहोचला. बिल्डरांनी ओरड केली, आणि २०२३ साली तेथल्या सरकारने तो शिथिल करण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबरमध्ये वरिष्ठ सभागृहाने तो हाणून पाडला. तत्त्व चांगले आहे: बांधण्यापूर्वी हिशेब द्या, आणि हिशेब शून्यावर आणा. पण त्यातला दोषही ओळखला पाहिजे. तेथे बिल्डर पैसे मोजून 'सवलतपत्रे' विकत घेतात आणि त्या पैशातून कोठेतरी शेतजमीन पिकाखालून काढली जाते. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आली, तर विश्रामस्थानाची घाण झाकण्यासाठी आदिवासीची शेती पडीक ठेवण्याचे करार होतील. तसे घडू देता कामा नये. घाण जेथे होते तेथेच तिचा बंदोबस्त झाला पाहिजे.

येथे तरुण साथी एक आक्षेप घेतात, आणि तो मला टाळावयाचा नाही. ते म्हणतात, रस्ते सुधारले, पर्यटक येऊ लागले, चार मुलांना काम मिळाले. तुम्ही नियमांचा बडगा उगारलात तर ते काम जाईल आणि पुन्हा वीटभट्टीच नशिबी येईल. या आक्षेपात वेदना आहे. परंतु विचार करा. दाभोसाचा धबधबा आणि सूर्यमाळची हवा हे या पर्यटनाचे भांडवल आहे, आणि ते कोणत्याही मालकाने गुंतवलेले नाही. पाणी हिरवे पडून वास मारू लागले की मालक आपले पैसे दुसऱ्या डोंगरावर नेईल. ओहोळ मात्र तेथेच राहील आणि पाडाही तेथेच राहील. नफा खाजगी आणि घाण सार्वजनिक, या सूत्राला विकास म्हणण्याचे कारण नाही. पर्यटनाला आपला विरोध नाही. त्याचा पूर्ण खर्च ज्याचा नफा त्यानेच उचलावा, एवढेच आपण म्हणतो.

तेव्हा आपला कार्यक्रम काय असावा? मी पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, ग्रामसभा. हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांनी गावच्या जलस्रोतांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला अधिकार दिला आहे. प्रत्येक पाड्याने आपल्या झऱ्याचे, विहिरीचे आणि डोहाचे पाणी कोणत्या उतारावरून येते त्याचा नकाशा स्वतः काढावा, आणि त्या उतारावरील कोणत्याही नव्या बांधकामाने नत्र-स्फुरदाचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडल्याशिवाय शिफारस देऊ नये असा ठराव करावा. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत यासाठी १९७४ साली कायदे झाले. आडमार्गाने, नावापुरत्या कुळाच्या आधारे उभी राहणारी बांधकामे याच वेळी उघडी पडतील.

दुसरी, मैल्याची व्यवस्था. मलमूत्रातील नत्राचा बहुतांश आणि स्फुरदाचा निम्म्याहून अधिक भाग मूत्रात असतो. म्हणून नव्या विश्रामस्थानांनी मूत्र वेगळे काढावे, सांडपाणी वाळू-मातीच्या आणि लव्हाळ्याच्या वाफ्यांतून न्यावे, टाकीतील गाळ ओढ्यात न उपसता प्रक्रियेसाठी पाठवावा. योग्य प्रक्रियेनंतर तेच खत मोगऱ्याच्या आणि काजूच्या बागांना मिळू शकते. आज जे विष ठरते, ते शेतकऱ्याच्या पदरात पडावे. यात स्वतःलाही वगळू नका. आश्रमशाळांचे आणि वसतिगृहांचे सांडपाणी कोठे जाते, हे आधी पाहा. तेथे आपलीच मुले राहतात.

तिसरी, काठाचे रक्षण. ओहोळाच्या दोन्ही काठांवर उंबर, जांभूळ, करंज यांचा पट्टा मोकळा ठेवावा. पावसाळ्यात डोंगर कापण्यास बंदी असावी, आणि समतल चर व बांध यांची कामे रोजगार हमीतून घ्यावीत. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तो अशाच कामांसाठी.

चौथी, पैसा. मुंबईला जाणाऱ्या पाण्यावर आणि विश्रामस्थानाच्या प्रत्येक खोलीवर पाणलोट-रक्षण कर बसवावा आणि तो थेट ग्रामसभांच्या खात्यात जावा. ही भीक नव्हे, पाण्याची किंमत आहे.

पाचवी, मोजणी. शाळेतील मुलांच्या हाती दोरीला बांधलेली पांढरी थाळी द्या. ती पाण्यात किती खोल जाईपर्यंत दिसते, हे दर महिन्याला वहीत लिहावे. फॉस्फेट तपासण्याचे साधे संचही मिळतात. अशा दोन-तीन वर्षांच्या वह्या हाती असल्या, की कोणतीही कचेरी आपणांस 'पुरावा काय?' असे विचारू शकणार नाही.

साथींनो, १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी पाण्यावर माणुसकीचा हक्क सांगितला. १९७० च्या दशकात बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगाव तीच लढाई पुढे नेली. ती लढाई अजून संपलेली नाही. पण तिच्यात एक नवे कलम घातले पाहिजे. पाणवठ्यावर सर्वांना हक्क मिळाला आणि तोवर पाणवठाच नासला, तर तो हक्क कागदावरच राहील.

येत्या उन्हाळ्यापूर्वी या शिबिरातील प्रत्येकाने आपल्या पाड्याच्या एका झऱ्याचा नकाशा काढावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. पुढच्या शिबिरात भाषणे थोडी कमी होऊ देत. तुमचे नकाशे भिंतीवर लावलेले मला पाहावयाचे आहेत.